गाडी आपण हाकावी की हाकणारा ठेवावा?



युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी फटफटीवरच्या सहलीवर बोलणार आहे. विषय हलका वाटेल. पण आपल्या गावातली पुष्कळ कुटुंबे या सहलींवर जेवतात आणि आपल्या घाटांत तरणी मुले पडतात. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या, म्हणजे तो तितकासा हलका राहत नाही.

शनिवारी सकाळी आपल्या स्टेशनाबाहेर उभे राहावे. बदलापूरकडून आणि कर्जतकडून मोटारसायकलींचे घोळके येतात. चहा होतो आणि तोच तो प्रश्न कानी पडतो : "दादा, गाडी वर चढेल ना? की इथेच लावू आणि टॅक्सीने जाऊ?" टॅक्सीवाला साहजिकच म्हणतो, टॅक्सीने चला. पानाच्या टपरीवरचा म्हणतो, जा की बिनधास्त! विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गाडी चढेल का, हा प्रश्नच मुळी अर्धा आहे. आजकालची बहुतेक गाडी चढते. उतरताना काय होते, ते विचारायला हवे.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच, माथेरान सुमारे आठशे मीटर. आदमजी पीरभाईंचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात जी लहान गाडी वर नेली, तिने ही चढण चढायला एकवीस किलोमीटर घेतले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज असे टप्पे करत, वळणे घेत ती जाते. मोटारीचा रस्ता तीच चढण त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात चढतो. तेव्हा तो किती उभा असेल, याचा हिशेब शाळेतले पोरही करील.

आता उताराचे शास्त्र पाहू. गिअरची मोटारसायकल खालच्या गिअरात घातली, म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरते. ब्रेकवर भार कमी येतो. म्हणून घाटातले जुने चालक सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. बिनगिअरच्या स्कूटरला हा आधार फार थोडा मिळतो. सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला लायनर पकड सोडतो. खालचे वळण समोर आल्यावर बोटांना लिव्हर लागतो, चाकाला ब्रेक लागत नाही. त्यात मागे बसलेल्या माणसाचे वजन असते, पाठीवर पिशवी असते, आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उताराला सोडणारे महाभागही असतात. पावसाळ्यात याच्यात शेवाळ आणि धुके मिळवा. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी, हा कायद्याचा नियम आहे. १९८९ च्या नियमांत तो होता, २०१७ च्या नियमांतही आहे. पण परीक्षा पास होऊन परवाना मिळालेल्या किती जणांना तो ठाऊक आहे, ते आपण घाटात जाऊनच पाहावे.

आपला टॅक्सीवाला हा घाट दिवसातून अनेकदा चढतो-उतरतो. कोणत्या वळणावर समोरची गाडी ऐन वेळी दिसते, कोणत्या ठिकाणी पाणी रस्त्यावरून वाहते, कोठे थांबून समोरच्याला जागा द्यावी, हे त्याच्या हातापायांत मुरलेले असते. त्याचे भाडे देताना गिऱ्हाईक म्हणते, एवढ्याशा अंतराला एवढे पैसे! मंडळी, आपण अंतराचे पैसे देत नाही. या एका रस्त्यावर त्याची जी वर्षे गेली, त्यांचे देतो. फिटरच्या दहा मिनिटांच्या कामाचे पैसे दहा मिनिटांच्या हिशेबाने मोजायचे नसतात, ही गोष्ट कारखान्यात मी व्यवस्थापकांना जन्मभर सांगत आलो. ती टॅक्सीच्या अड्ड्यावरही खरी आहे.

तेव्हा ज्याला घाटाची सवय नाही, ज्याची गाडी बिनगिअरची आहे, ज्याच्या मागे बायको-मूल बसलेले आहे, त्याने नेरळला गाडी लावावी आणि टॅक्सीत बसावे. यात कमीपणा मुळीच नाही. नाही तरी दस्तुरीपाशी सगळ्यांच्याच गाड्या थांबतात. पुढे माथेरानात खासगी मोटारीला आणि मोटारसायकलीला मज्जाव आहे. म्हणजे तुमची फटफटी तुम्हाला माथेरान दाखवीत नाहीच. ती फक्त घाट दाखवते, आणि घाट पाहायला हाकणाऱ्याची नजर मोकळी कोठे असते?

उलट बाजूही मला मान्य आहे. मी स्वतः पंचवीस वर्षे नेरळ-कर्जत-खोपोली फटफटीवरच केले. कारखान्याची पाळी सुटण्याच्या वेळी दारावर हजर राहायचे, तर एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. भाताच्या खाचरांवरून येणारा वास, वाटेत कोणी हात केला की थांबणे, वाटेल त्या फाट्याला वळणे, हे सुख भाड्याच्या गाडीत नाही. तरुण मुलगा आपल्या कमाईची गाडी घेतो आणि आठवड्यातून एक दिवस कोणाचा हुकूम नसलेल्या रस्त्यावर निघतो, त्याला मी तरी नावे ठेवणार नाही. पण आकडाही ऐकून ठेवा. सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती.

विम्याबद्दलही लोकांत फार गैरसमज आहेत. तुम्ही स्वतःच्या मालकीची गाडी हाकता, तेव्हा मालक-चालक म्हणून पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. २०१८ पासून ही रक्कम ठरलेली आहे. पण तो मालकापुरता. मित्राची गाडी मागून आणली, तर? सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात सांगितले, की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. स्वतःच्याच विम्यावर तिऱ्हाईत म्हणून त्याला भरपाई मागता येत नाही. आणि मागे बसलेला? नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर दुचाकीवर फुकट बसलेल्या सोबत्याला ती लागू होत नाही, असे २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात ठरले. त्याच्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. याउलट परवान्याच्या टॅक्सीत भाडे देऊन बसलेला उतारू कायद्याच्या सक्तीच्या विम्यातच येतो. म्हणून गाडीची पाटी पाहत जा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः हाकण्यासाठी भाड्याने दिलेली. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी भाड्याने देऊ लागला, तर त्याचा स्वस्तपणा अपघाताच्या दिवशी कळतो.

इथवर मी हाकणाऱ्याच्या बाजूने बोललो. पण हाकणारा ठेवला म्हणजे आपण सुखरूप, हेही खरे नव्हे, आणि मला विशेष सांगायचे आहे ते इथेच.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या मंडळींबरोबर मी भाड्याच्या गाडीतून अष्टविनायकाला निघालो. पहाटे पाचला कर्जत सोडले. मुरबाडच्या पुढे, माळशेज घाट अजून लागायचा होता. मी चालकाच्या शेजारी बसलो होतो. पोरगा पंचविशीच्या आतला. त्याची मान एकदा खाली आली आणि झटक्याने वर गेली. मी विचारले, "बाळा, काल कोठे होतास?"

"नाशिकला, काका. रात्री दोनला आलो. शेठ म्हणाले, पाचची वर्दी आहे."

"आणि परवा?"

"परवा शिर्डी."

मी टोकावड्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्याला म्हणालो, तू आता मागच्या सीटवर आडवा हो. तो आधी ऐकेनाच. शेठला कळले तर काम जाईल, म्हणाला. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आपण पैसे गाडीचे दिलेत, त्याच्या झोपेचे नाही." दीड तास आम्ही चहाच्या दुकानात बसलो. त्या गृहस्थांनी माझ्याशी दिवसभर अबोला धरला. दर्शने सगळी झाली. एक देऊळ संध्याकाळी व्हायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, एवढेच.

त्या गृहस्थांचे वाक्य मी विसरलो नाही, कारण त्यांनी व्यवहार अगदी अचूक सांगितला होता. गाडीचे भाडे ठरते, किलोमीटरचा दर ठरतो, टोल कोणाचा ते ठरते. चालकाच्या झोपेचा पैसा कोणाच्याच हिशेबात नसतो. ड्रायव्हर भत्ता म्हणून जी रक्कम घेतली जाते, ती पुष्कळदा त्याच्या हातात पुरती पडतही नाही. आठ जण लॉजमध्ये निजतात आणि ज्याच्या हातात आठ जणांचे प्राण, तो गाडीत पाय मुडपून पडतो. पहाटे त्याला कोणी हाक मारते आणि मंडळी म्हणतात, "ड्रायव्हर मोठा चलाख आहे हो!"

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी, असे बंधन घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. आठ तासांचे तत्त्व तिथेही ठेवले आहे. परंतु १९६१ चा कायदा मुळात पाच किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या धंद्यालाच लागू होता. दोन गाड्यांचा शेठ आणि त्याचे दोन पोरगे त्याच्या बाहेरच राहिले. आपल्या सहलींना ज्या गाड्या येतात, त्यांतल्या कितीतरी अशाच असतात. म्हणजे इथे तपासणीस येणार नाही आणि युनियनही पोचत नाही. तिथे गिऱ्हाइकालाच तपासणीस व्हावे लागते. वर्दी ठरवताना दोन प्रश्न विचारा : हा चालक काल रात्री कोठे होता, आणि आज रात्री तो कोठे निजणार? शेठ अडखळला, की दुसरी गाडी पाहा.

जगात इतरत्रही हा प्रश्न आहेच. व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सरहद्दीपाशी हा-झांग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथला सुमारे एकशे पंच्याऐंशी किलोमीटरांचा रस्ता १९५९ ते १९६५ या वर्षांत माणसांनी जवळजवळ हातांनीच फोडला. कड्यावर दोराला लोंबकळत सुरुंगाची भोके पाडली. आज जगभरची तरुण मंडळी तिथे फटफटीवर फिरायला जातात. मुंबई-पुण्याची मुलेही जातात. तिथे पर्यटकाला सरळ विचारतात, स्वतः हाकणार की आमच्या माणसाच्या मागे बसणार? अशा स्थानिक चालकाला तिकडे 'ईझी रायडर' म्हणतात. पद्धत दालात या डोंगरी शहराच्या फटफटीवाल्यांनी रूढ केली. आपल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराखालचा परवाना मानतो. तेव्हा तिथे भाड्याने गाडी मिळाली, तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बिनपरवान्याचेच, आणि अशा वेळी विमा कंपनी हात वर करते. मागे बसणे हेच तिथे शहाणपणाचे.

गोव्यातही मोटारसायकलीवर भाड्याने नेणारे आहेत. काळ्या-पिवळ्या गाड्यांचे हे चालक 'पायलट' म्हणून ओळखले जातात. विमान चालवणाऱ्याची पदवी फटफटीवाल्याला देणारा तो मुलूख मला या एका गोष्टीसाठी फार आवडतो. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली विजेवरच्या बाइक-टॅक्सीचे धोरण आणले, पण ते लाखाच्या वर वस्तीच्या शहरांसाठी आणि पंधरा किलोमीटरपर्यंतच्या फेऱ्यांसाठी. आपल्या घाटांचा त्यात विचार नाही. सध्या तरी ते बरेच आहे, असे मी म्हणेन.

लडाखात वेगळाच तंटा अनेक वर्षे चालत आला. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली लेहच्या पुढे स्थळदर्शनाला न्यायच्या नाहीत, असा तिथल्या संघटनांचा आग्रह. भाड्याची गाडी घ्यायची तर आमच्या गावातली घ्या, हे म्हणणे मला समजते. वर्षातले थोडेच महिने धंदा चालतो. पण मी युनियनचा माणूस असूनही सांगतो, रस्ता अडवून मिळवलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्या माथेरानात बंद झाला तो कशावरून? दस्तुरीवर पर्यटकांना खोटे सांगून, पुढे काही वाहन नाही असे भासवून, मन मानेल ते पैसे घेतले जातात, या तक्रारीवरून. दुकानदार आणि हॉटेलवाले यांनाच उठून सांगावे लागले, की हे थांबवा. दरफलक ठळक लावणे, पाळीने गाडी सोडणे आणि पावती देणे, ही कामे संघटनेने स्वतः केली, तर टॅक्सीने जावे की नाही याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

दस्तुरीच्या पुढची गोष्ट मात्र मोठी आहे. ज्या माथेरानात मोटार नको म्हणून हवा शुद्ध राहिली, तिथे माणूस माणसाला ओढत होता. चढावर एक पुढून ओढी, दुसरे मागून ढकलीत. हातरिक्षावाल्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांनाही पोट आहे, ते दुष्ट म्हणून विरोध करीत नव्हते. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने हुकूम दिला, की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्या. सरदार सरोवरापाशी केवडियाला जशी योजना आहे, तशी इथे करा, असेही सुचवले.

"खऱ्या हातरिक्षावाल्यांना" हे शब्द का घालावे लागले, ते लक्षात घ्या. नवे वाहन आले की पैसेवाला ते विकत घेतो आणि कालचा ओढणारा त्याच्याकडे रोजंदारीवर हाकू लागतो. घाम कमी होतो, पण मालक डोक्यावर बसतो. याच निकालात न्यायालयाने एका जुन्या निकालाची आठवण केली. अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनचे १९८० चे प्रकरण. पंजाबने कायदा केला होता, की सायकलरिक्षाचा परवाना स्वतः रिक्षा ओढणाऱ्या मालकालाच मिळेल. हेतू चांगला, पण भाड्याने रिक्षा घेणारे गरीब त्यात बुडत होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडला नाही आणि गरिबांनाही बुडू दिले नाही. बँकेच्या कर्जाने ओढणारालाच मालक करण्याची योजना त्यांनी बसवून दिली. युनियनच्या कचेरीत बसून मी जे थोडे कायद्याचे वाचन केले, त्यात या निकालाइतका आनंद मला दुसऱ्या कशानेही झाला नाही.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध सरळ आहे. स्वतःच्या गाडीचा मालक असलेला चालक झोप आली की वर्दी नाकारू शकतो. ब्रेक लागत नसेल तर गाडी गॅरेजला लावतो. शेठच्या गाडीवरचा पोरगा यातले काहीच करू शकत नाही. म्हणून हाकणारा ठेवायचा झाला, तर मी आधी मालक-चालकाकडे जाईन. दोन पैसे जास्त पडले तरी.

आपल्याच खालापूर तालुक्यात, जुन्या बोरघाटात, शिंगरोबाचे देऊळ आहे. आख्यायिका अशी, की साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांची वाट त्याला दाखवली. बक्षीस काय हवे विचारल्यावर तो म्हणाला, आमचा देश सोडून जा, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कथा कशीही असो, त्या घाटाने जाणारे ट्रकवाले देवळापाशी नाणे टाकतात. वाटाड्याची बुडालेली मजुरी त्यांनी आपसांत वाटून घेतली आहे, असे मला ते पाहून नेहमी वाटते.

आता अष्टविनायकाचेच घेऊ, कारण नेरळ-कर्जतची मुले दर वर्षी फटफटीवर जातात आणि त्यांचे वडील मला विचारतात, सोडू का? फेरा सहाशे किलोमीटरांच्या वर जातो. दोन दिवसांत उरकायचा ही जी शर्यत लागते, तिला माझा विरोध आहे. तीन दिवस घ्या. माळशेज उजेडात चढा, आणि पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. ओझर, लेण्याद्री पहिल्या दिवशी. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून उतरल्यावर मांड्या थरथरतात, तेव्हा लगेच गाडीवर बसू नका. परतताना द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्याने बोरघाट उतरायचा, आणि तो उतरेपर्यंत अंग थकलेले असते. म्हणून घाटाच्या वर मुक्काम करून सकाळी उतरा, मग महड आणि पाली होतात. वडीलधारी बरोबर असतील, तर त्यांच्यासाठी पिवळ्या पाटीची गाडी करा आणि मुलांनी फटफटीवर त्या गाडीच्या मागे राहावे, पुढे नव्हे. रात्री खोल्या घ्याल, तेव्हा चालकाची खाट धरूनच मोजा, आणि ती खाट आधी पाहून घ्या. लॉजवाले ड्रायव्हरसाठी म्हणून जिन्याखालची जागा दाखवतात.